नवा भाग बसवल्यानंतर संगणक सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

नवी रॅम, नवे ग्राफिक कार्ड, नवी एसएसडी किंवा नवा प्रोसेसर बसवून बटण दाबले आणि संगणक सुरूच झाला नाही, की पहिला संशय नव्या भागावर जातो आणि तो परत करण्याची भाषा सुरू होते. हा निष्कर्ष घाईचा असतो. कॅबिनेट उघडून काम करताना हात अनेक ठिकाणी लागतो, तारा ओढल्या जातात, शेजारचे कार्ड किंचित हलते, एखादा प्लग अर्धवट राहतो. शिवाय नवा भाग निर्दोष असूनही जुन्या मदरबोर्डला तो ओळखता येत नाही किंवा जुन्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्याला, तो पेलत नाही, असेही घडते. म्हणून कोणता भाग खराब आहे, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचे ते असे की, कालपर्यंत चालणाऱ्या यंत्रात आज काय काय बदलले, आणि तो एकेक बदल मागे घेत गेल्यास संगणक कोणत्या टप्प्यावर पुन्हा चालू होतो.

या शोधाचा एकच कडक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच संगणक सुरू करून पाहावा. रॅम काढली, त्याच वेळी सीमॉसचा (मदरबोर्डच्या सेटिंग जपणाऱ्या स्मृतीचा) सेल काढला, त्याच वेळी केबलही बदलली आणि संगणक चालू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तो परत उद्भवला की सगळे पहिल्यापासून करावे लागते. प्रत्येक चाचणीनंतर काय बदलले व काय दिसले, हे कागदावर एका ओळीत लिहून ठेवावे. ही सवय कंटाळवाणी वाटते, पण तासाभराने डोके शिणल्यावर आपण अमुक जोडणी तपासली होती की नाही, हे आठवणीवर सोडणे धोक्याचे असते.

कॅबिनेटमध्ये पुन्हा हात घालण्यापूर्वी एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करावा, मुख्य केबल भिंतीच्या सॉकेटमधून काढावी आणि संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. अंगावरील स्थिर विद्युत उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा आणि काम चालू असताना तो अधूनमधून लावत राहावा. एसएमपीएसचे स्वतःचे खोके मात्र कधीही उघडू नये. त्यातील कपॅसिटर केबल काढल्यानंतरही काही काळ धोकादायक दाबाचा भार धरून ठेवतात.

संगणक कोणत्या टप्प्यावर थांबतो?

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत अगदी वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबल्यावर एकही पंखा हलत नाही, एकही दिवा लागत नाही, ही एक अवस्था. पंखे क्षणभर फिरून थांबतात, ही दुसरी. पंखे व्यवस्थित फिरत राहतात पण पडद्यावर डिस्प्ले येत नाही, ही तिसरी आणि अपग्रेडनंतर सर्वात गोंधळात टाकणारी. मदरबोर्डचे चिन्ह दिसते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रणालीत) जाता येते, पण विंडोज किंवा लिनक्स सुरू होत नाही, ही चौथी. आणि विंडोज सुरू होताना मध्येच निळा पडदा येतो किंवा संगणक आपोआप बंद होतो, ही पाचवी. आपला संगणक यांपैकी कुठे अडतो हे ठरले, की तपासण्याच्या निम्म्याहून अधिक गोष्टी आपोआप वगळल्या जातात. उदाहरणार्थ, बायोसचा पडदा दिसत असेल तर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि वीजपुरवठा यांचे किमान काम चालू आहे, तेव्हा ते सगळे पुन्हा सुटे करण्याचे कारण उरत नाही.

यानंतरची सर्वात मोलाची चाचणी म्हणजे नवा भाग काढून जुना भाग जसा होता तसा परत बसवणे. जुन्या भागासह संगणक चालू झाला तर शोध नवा भाग, त्याला लागणारी वीज आणि त्याची मदरबोर्डशी जुळणी यांपुरता मर्यादित होतो. जुना भाग लावूनही तो सुरू झाला नाही, तर काम करताना दुसरेच काहीतरी निसटले किंवा दुखावले आहे, असे समजावे. या दुसऱ्या निकालाचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो आणि नव्या भागाने जुन्याचेही नुकसान केले, असे मानले जाते. तसे क्वचितच होते. बहुधा एखादा प्लग सुटलेला असतो. याच कारणासाठी नवा भाग दोन-चार दिवस नीट चालल्याखेरीज जुना कोणाला देऊन टाकू नये.

काहीच हालचाल नसेल तर

यंत्र पूर्णपणे निपचित असेल तेव्हा आधी अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात, कारण झाकण लावण्याच्या घाईत त्याच राहतात. एसएमपीएसच्या मागचा स्विच काम करताना बंद केलेला असतो आणि तो तसाच राहतो. मागची केबल पूर्ण आत गेलेली नसते. स्विच चालू केल्यावर अनेक मदरबोर्डांवर एक छोटा दिवा लागतो. एसएमपीएस संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा जो राखीव पुरवठा देत असतो, त्यावर तो चालतो. हा दिवा लागत असेल तर वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचते आहे आणि अडचण बटणाकडे किंवा त्यापुढे आहे.

कॅबिनेटच्या बटणापासून येणारी दोन तारांची बारीक जोडणी मदरबोर्डच्या कडेला असलेल्या पिनांवर बसते आणि हात लागल्याने ती सर्वात सहज सुटते. कोणत्या दोन पिना पॉवर स्विचच्या आहेत, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. जोडणी काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श केला असता संगणक चालू झाला, तर बटण किंवा त्याची तार खराब आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हा स्पर्श त्या दोन पिनांपुरताच राहील, याची पुस्तिका समोर ठेवून खात्री करावी.

एसएमपीएस मदरबोर्डपासून सुटा करून, २४ पिनांच्या प्लगमधील हिरवी तार एखाद्या काळ्या तारेशी जोडून तो चालू होतो का हे पाहण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. हल्लीच्या अनेक एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. शिवाय पंखा फिरला याचा अर्थ तो भार पेलू शकतो असा होत नाही. मल्टिमीटर वापरता येत असेल तर त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय असते. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर सुमारे ३.१४ ते ३.४६ एवढा दाब मिळायला हवा. मापन सवयीचे नसेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे केव्हाही सुरक्षित.

येथे एक गंभीर इशारा द्यायला हवा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या एसएमपीएसमध्ये जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत, मग त्या कितीही सारख्या दिसोत. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकातील पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही, वेगळी असते. प्लग बिनतक्रार बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी माहितीसकट जळते. नवा एसएमपीएस बसवला असेल आणि केबल जुन्याच ठेवल्या असतील, तर पुढचे काहीही करण्यापूर्वी त्या बदलाव्यात.

पंखे क्षणभर हलून थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट सर्किट होत असून एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत असण्याची शक्यता असते. मदरबोर्ड बदलला असेल तर त्याच्या खाली पितळी स्टँडऑफ (मदरबोर्डला कॅबिनेटपासून उंच धरणारे आधार) नेमके भोकांच्याच जागी आहेत का, हे पाहावे. जुन्या मदरबोर्डसाठी लावलेला एखादा जास्तीचा स्टँडऑफ नव्याच्या पाठीला टेकला तरी हा प्रकार होतो. खाली पडलेला स्क्रूही हेच करतो. शंका असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवावा आणि तेथे सुरू करून पाहावा. बाहेर चालला आणि आत चालला नाही, तर दोष कॅबिनेटच्या धातूशी होणाऱ्या स्पर्शात आहे. अशा चाचण्यांमध्ये एसएमपीएसचे संरक्षण एकदा लागू झाले की तो मुख्य वीज थोडा वेळ बंद ठेवल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

या अवस्थेत सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. नवे ग्राफिक कार्ड बसवल्यावर केबल सवयीने मदरबोर्डच्याच पोर्टला लावली जाते आणि कार्डाकडून येणारे चित्र कुठेच जात नाही. उलट प्रकारही होतो: ग्राफिक कार्ड काढून ठेवून केबल मदरबोर्डला लावली जाते, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिकची सोयच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असते त्यांत ती नसते. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांमध्ये ती प्रामुख्याने जी अक्षर असलेल्या प्रोसेसरांतच असते. असा प्रोसेसर असलेला संगणक कार्डाविना आतून व्यवस्थित चालू असतो, फक्त दाखवायला त्याच्याकडे साधन नसते. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

त्यानंतर मदरबोर्ड स्वतः काय सांगतो आहे ते वाचावे. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) आणि बूट अशी नावे लिहिलेले चार लहान दिवे असतात. सुरू होताना ते एकेक करून लागतात व विझतात, आणि जो पेटलेलाच राहतो त्या भागापाशी स्वतपासणी अडलेली असते. काही मदरबोर्डांवर दोन अंकी संकेत दाखवणारी पट्टी असते. काहींना छोटा स्पीकर जोडला तर बीपच्या संख्येवरून दोष कळतो. बीपचे अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतात, म्हणून दुसऱ्याच मदरबोर्डचा तक्ता लावून अर्थ काढू नये. आपल्या मदरबोर्डची पुस्तिका हाच आधार मानावा. हे दिवे शंभर टक्के अचूक नसतात. प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन कधीकधी डीरॅमचा दिवा पेटवते. तरी सुरुवात कुठून करावी, हे ते नक्की सांगतात.

रॅमबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ती बसवणे सर्वात सोपे समजले जाते आणि त्यामुळेच ती अर्धवट बसते. स्टिक स्लॉटमध्ये ठेवून मध्यभागी एकदाच दाबली तर एक टोक खाली जाते व दुसरे किंचित वर राहते, आणि वरून पाहताना ते लक्षातही येत नाही. स्लॉटच्या टोकाचा खटका पूर्ण उघडावा, स्टिकमधील खाच स्लॉटमधील उंचवट्यावर नेमकी आणावी, मग दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून एकेक टोक खटका आपोआप बंद होईपर्यंत दाबावे. अनेक मदरबोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. अशा वेळी खटका नसलेले टोकच बहुधा वर राहिलेले असते. बसल्यानंतर बाजूने टॉर्च मारून पाहावे. सोनेरी पट्ट्यांची दिसणारी कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच उंचीची असली पाहिजे.

चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक लावायच्या असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्या लागतात. पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तेच प्रमाण मानावे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ संपर्क असतात, पण खाचेची जागा वेगळी असते आणि एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावावा लागतो आहे असे जाणवले तर हात तेथेच थांबवावा. जुन्या स्टिकसोबत वेगळ्या बनावटीची नवी जोडली असेल तर आधी फक्त नवी, मग फक्त जुनी, अशा एकेक लावून पाहाव्यात. दोन्ही सुट्या चालल्या आणि एकत्र चालल्या नाहीत, तर खराब एकही नसते. त्यांचे एकमेकींशी जमत नसते. अशा वेळी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेग वाढवणारी सोय बंद करून मूळ वेगाने त्या चालतात का ते पाहावे.

डीडीआर५ रॅम नव्याने बसवली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड त्या रॅमसाठी योग्य वेळा ठरवत असतो, आणि या काळात पडदा काही मिनिटे पूर्ण काळा राहतो. संगणक मध्येच एक-दोनदा आपोआप बंद होऊन चालू होऊ शकतो. हा बिघाड नाही. अस्वस्थ होऊन अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद केले तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि संगणक कधीच चालू होत नाही असे वाटत राहते. रॅमची क्षमता मोठी असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबण्याचा संयम ठेवावा.

ग्राफिक कार्डाच्या बाबतीत वीज आणि बैठक या दोन गोष्टी मुख्य आहेत. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला ६ पिनांच्या प्लगमधून आणखी ७५ किंवा ८ पिनांच्या प्लगमधून १५० वॉट घ्यावे लागतात. कार्डावर असलेले सगळे सॉकेट भरलेले असले पाहिजेत. दोन सॉकेटपैकी एकच भरला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही किंवा वीज जोडण्याची सूचना तेवढी दिसते. नव्या पद्धतीचा १६ पिनांचा बारीक प्लग असेल तर तो तळापर्यंत गेला आहे आणि तोंडापाशीच तीव्र वळण घेत नाही, याची डोळ्यांनी खात्री करावी, कारण अर्धवट बसलेला असा प्लग भाराखाली तापून वितळू शकतो. कार्ड स्लॉटमध्ये सरळ खाली जाऊन मागचा खटका लागला पाहिजे; कॅबिनेटच्या पट्टीला स्क्रू लावताना कार्ड किंचित तिरके होऊन पुढचे टोक वर येते, म्हणून स्क्रू लावल्यानंतर पुन्हा एकदा पाहावे. खूप जुने कार्ड नव्या मदरबोर्डला लावले असेल तर त्या कार्डात यूईएफआयची (नव्या पद्धतीच्या बायोसची) सोय नसल्यानेही बायोसचा पडदा दिसत नाही. तेव्हा प्रोसेसरच्या ग्राफिकवरून बायोसमध्ये जाऊन सीएसएम हा जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारा पर्याय चालू करता येतो का ते पाहावे.

प्रोसेसर बदलल्यानंतरचा काळा पडदा ही सर्वात जास्त काळजी वाटायला लावणारी स्थिती. प्रोसेसरसाठी मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांचा स्वतंत्र प्लग असतो आणि मोठ्या हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) मागे तो दिसत नसल्याने लावायचा राहून जातो. तो नसला तरी पंखे फिरतातच, त्यामुळे वीज पोहोचली असा समज होतो. ग्राफिक कार्डाचा ८ पिनांचा प्लग दिसायला त्याच्यासारखाच असतो, परंतु त्यातील तारांची मांडणी उलट असते. तो येथे जोराने बसवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

प्लग जागेवर असेल तर बायोसच्या आवृत्तीकडे वळावे. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो याचा अर्थ मदरबोर्ड त्याला ओळखतो असा नाही. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले आणि २०२० मध्ये आलेली रायझन ५००० मालिकाही त्यातच बसते, पण जुन्या मदरबोर्डचा बायोस अद्ययावत केल्याखेरीज ती सुरू होत नाही. इंटेलच्या बाबतीत तर २०१७ मधील आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ याच सॉकेटचे असूनही आधीच्या १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डवर चालत नाहीत. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकासमोर लागणारी किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ती यादी खरेदीपूर्वी पाहणे उत्तम. आता पाहिली आणि आवृत्ती जुनी निघाली, तर जुना प्रोसेसर परत बसवून बायोस अद्ययावत करावा आणि मग नवा लावावा. जुना हाताशी नसेल आणि मदरबोर्डला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर प्रोसेसर नसतानाही हे काम होते: योग्य फाइल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने ठेवावी, ठरावीक यूएसबी पोर्टला लावावी, बटण काही सेकंद दाबावे आणि दिव्याचे लुकलुकणे थांबेपर्यंत वीज बंद करू नये.

एवढ्यानेही डिस्प्ले आला नाही तर हीटसिंक काढून सॉकेट पाहण्याशिवाय गत्यंतर नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, एएम४ मध्ये त्या प्रोसेसरलाच असतात. टॉर्च तिरका धरून पाहिल्यास सरळ पिनांच्या ओळी एकसारख्या चमकतात आणि वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी उठून दिसते. एएम४ चा हीटसिंक काढताना तो सरळ वर ओढू नये. जुनी थर्मल पेस्ट घट्ट धरून ठेवते आणि लीव्हर बंद असूनही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. संगणक चालू होत असेल तर काही मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून, वीज काढून, हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत सैल करावा. परत बसवताना त्याचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे करून आवळावेत. एकाच बाजूला जास्त दाब पडला तर संपर्क नीट होत नाही आणि रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो.

इतके सगळे पाहूनही काही उमगत नसेल तर यंत्र किमान मांडणीवर आणावे. प्रोसेसर, त्याचा हीटसिंक, रॅमची एकच स्टिक, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तरच ग्राफिक कार्ड, एवढेच ठेवून बाकी डिस्क, यूएसबीची साधने, जास्तीची कार्डे सगळी काढावीत. तरीही काही फरक पडला नाही तर सीमॉस पुसावा: वीज पूर्ण काढून सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा किंवा पुस्तिकेत दाखवलेला जंपर वापरावा. बायोसमध्ये जाता येत असेल तर पुसण्यापूर्वी डिस्कची पद्धत, सीएसएम व सिक्युअर बूट यांच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण ते मूळ स्थितीला गेल्यावर विंडोज सुरू न होण्याचा नवाच प्रश्न उभा राहू शकतो. किमान मांडणी चालली की एकेक भाग परत जोडत जावा.

बायोस दिसतो, पण विंडोज सुरू होत नाही

नवी एम.२ (मदरबोर्डवरच थेट बसणारी छोटी) एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क एकदम नाहीशी होते, तेव्हा ती मेली असे समजू नये. अनेक मदरबोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि केबलने डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट एकाच वाहिन्या वाटून घेतात. एकात डिस्क बसली की दुसरा बंद होतो. कोणता पोर्ट बंद होतो याचा तक्ता पुस्तिकेत असतो आणि साटा केबल दुसऱ्या पोर्टला लावली की डिस्क परत दिसते. नवीच एसएसडी दिसत नसेल तर ती साटा पद्धतीची आहे की एनव्हीएमई या अधिक वेगवान पद्धतीची, आणि तो स्लॉट त्या पद्धतीला चालतो का, हे पाहावे.

डिस्क बायोसमध्ये दिसते पण बूट होत नाही, तेव्हा आधी बूटचा क्रम पाहावा. नव्या रिकाम्या डिस्कला पहिले स्थान मिळालेले असते. क्रम बरोबर असेल तर सीमॉस पुसल्यामुळे बदललेल्या सेटिंगकडे लक्ष द्यावे. डिस्कची पद्धत एएचसीआयवरून रेड किंवा व्हीएमडीवर, अथवा उलट, गेली असेल तर विंडोज सुरू होताना "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" अशी सूचना देऊन थांबते. जुनी सेटिंग परत लावताच ते चालू होते. जुनी विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीच्या डिस्कवर असेल तर तिला सीएसएम चालू असावे लागते. अशी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलण्यासाठी २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये एमबीआर२जीपीटी हे साधन आहे, परंतु माहितीची दुसरी प्रत घेतल्याशिवाय ते वापरू नये.

मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाहता येते. ती मिळाली नाही तर डिस्कवरील माहिती उघडण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून असे मोठे बदल करण्याआधीच ती कागदावर उतरवून ठेवणे किंवा बिटलॉकर तात्पुरते थांबवणे अत्यंत आवश्यक आहे. संगणक जेमतेम चालू असताना विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला सहज दिला जातो. तो शेवटचा उपाय समजावा.

विंडोज चालू होऊन मध्येच बंद पडत असेल

निळा पडदा वेगवेगळ्या कारणांच्या नावांनी येत असेल तर रॅमचा संशय घ्यावा: एक्सएमपी बंद करून पाहावे आणि मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारे साधन पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक दिसली तरी ती मांडणी विश्वासार्ह नाही. ग्राफिक कार्ड बदलले असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढावा. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसले की विंडोज दुरुस्तीचा पडदा आपणहून दाखवते व तेथून सेफ मोड निवडता येतो. गेम किंवा जड काम सुरू होताच निळा पडदा न येता संगणक एकदम विझत असेल, तर एसएमपीएस नव्या कार्डाला अपुरा पडतो आहे किंवा प्रोसेसर तापतो आहे. तापमान बायोसमध्येच दिसते. नव्या हीटसिंकच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहिले असेल, किंवा पंखा सीपीयू फॅन असे लिहिलेल्या पिनांना जोडलेला नसेल, तर काही मिनिटांतच संगणक स्वतःला बंद करतो.

नवा भाग दुसऱ्या, सुसंगत आणि चालू संगणकात लावूनही चालला नाही, तर तो सदोष आहे असे खात्रीने म्हणता येते. परत पाठवताना कोणत्या मदरबोर्डवर, कोणत्या बायोस आवृत्तीसह, कोणत्या स्लॉटमध्ये तो तपासला आणि कोणता दिवा पेटून राहिला, ही लिहून ठेवलेली टिपणे सोबत द्यावीत. त्यामुळे विक्रेत्याला त्याच चाचण्या पुन्हा करायला सांगण्याचे कारण राहत नाही. संगणक चालू झाला असेल तर मात्र झाकण लगेच लावू नये. तो पूर्ण बंद करून, वीज काढून थंड होऊ द्यावा, पुन्हा सुरू करावा, आणि थंड स्थितीतून तीन-चार वेळा विनाअडथळा चालू झाल्यावरच तारा बांधून झाकण बसवावे.